रिकाम्या स्टँडमधला आवाज

तिरुच्चीच्या बसचं इंजिन सुरू झालं होतं, कंडक्टरने शिट्टीही मारली होती. मी पायरीवर उभा राहून अप्पांना म्हणालो, "जाऊन येतों." आमच्या तंजावूरच्या मराठी घरांतून निघणारा माणूस असंच म्हणतो, आणि मागे राहणाऱ्या थोरल्याने 'जाऊन ये' म्हटलं की मगच त्याचा पाय सुटतो आणि घराचं दार लावलं जातं. अप्पांचे ओठ हलले. पण गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कधीच गेला होता. उरली होती ती नुसती हवा, आणि ती बसच्या घरघरीत कुठली ऐकू येणार? आई त्या वेळी माझ्या पिशवीत आवक्काय लोणच्याची बाटली कोंबत होती, तिचंही लक्ष नव्हतं. बस हलली. पुढच्या पोंगलच्या आधी अप्पा गेले, आणि ते त्या दिवशी नेमकं काय म्हणाले हे आम्हा दोघांनाही कायमचं कळायचं राहून गेलं.

मी हे देवनागरीत लिहितोय, म्हणजे आक्काच्या मुलांना ते वाचता येणार नाही. त्यांना आमचं मराठी कळतं, पण उत्तर ती तमिळमध्ये देतात. आई त्यांना वाचून दाखवेल. मधेच थांबून चुकाही काढेल, कारण हे लेखी मराठी मी परदेशात भेटलेल्या सांगलीच्या एका कुटुंबाकडून शिकलो, आणि आईच्या मते ते फार सपाट आहे. त्या सांगलीकरांना माझं मराठी जुन्या नाटकातलं वाटतं. कुणाचंच समाधान होत नाही.

अप्पा हरिकथा करायचे. कथा तमिळमध्ये, पण मधे मधे साकी आणि दिंडी मराठीत. समोर बसलेल्या शेतकऱ्यांना त्यातला एक शब्द कळत नसे, तरी माना डोलायच्या. गावागावांतून बोलावणं यायचं, 'रायर' आले (आम्हा मराठी लोकांना तिकडे असंच म्हणतात) म्हणून लोक बाजूला सरून वाट द्यायचे. मैक सेट आमचाच होता. ॲम्प्लिफायर मोपेडवर बांधून मी अप्पांच्या मागे बसायचो, आणि गावात पोचलो की नारळाच्या झाडावर चढून हॉर्न बांधायचो. अप्पा मांडवात उभे राहायचे, मी त्यांच्या पाठीमागे ॲम्प्लिफायरजवळ. त्यामुळे अप्पांचा आवाज मी समोरून असा कधी ऐकलाच नाही. तो हॉर्नमधून कालव्यापलीकडे जायचा, राइस मिलच्या भिंतीवर आपटायचा आणि परत यायचा. तो परत आलेला आवाज माझ्या वाट्याला. ओरत्तनाडूला छत्रासमोर, म्हणजे जुन्या धर्मशाळेसमोर, एकदा एका शिकाऊ कथाकाराने घाईघाईने ओळींवर ओळी टाकल्या आणि सगळा चिखल झाला. घरी येताना अप्पा म्हणाले, "बोलट्लेलं परत येऊं दे रे. मग पुढचं बोल." हे ते त्याला नव्हे, मला सांगत होते.

आवाज गेल्यावर ते चिपळ्यांनी बोलायचे. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे जेवायला चल. कॅसेटी होत्या, नाही असं नाही. पण दमट हवेने त्यांना बुरशी धरली आणि जी एक चालते तिच्यात कुणीतरी नाकात बोलणारा परका माणूस आहे. आई ती लावत नाही.

मी आलो ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात. नोकरी मैक सेटचीच, फक्त तिला इथे साउंड सिस्टिम म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं विमान फिरून परत कावेरीच्या काठी उतरलं की काय. तोच चिकट उकाडा, तेच आंबे, तेच नारळ. पण इथली नगरपालिका नारळ कोवळे असतानाच काढून फेकून देते, कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, तिथे जास्त दिवस राहू नकोस.

मी राहिलो, कारण त्या गावाला रग्बी लीगचा नवा क्लब मिळाला होता आणि तो थेट देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत खेळणार होता. तेरा तेरा गड्यांचा खेळ. अंगावर येणाऱ्याला मिठी मारून पाडायचं, हे मला आमच्या सडुगुडुमुळे, म्हणजे कबड्डीमुळे, लगेच समजलं. विचित्र वाटलं ते एवढंच, की चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही. टाकायचा तो मागेच, आणि आपण मात्र पुढे पळायचं. क्लबला स्टेडियम होतं, जर्सी होती, गाणं होतं. नव्हतं ते काल नावाचं काही. बाकीच्या क्लबांच्या भिंतींवर मेलेल्या खेळाडूंचे फोटो असतात. आमच्या भिंतीला रंगाचा वास येत होता. पिढ्यान् पिढ्या एका गावात राहूनही ज्यांना लोक बाहेरचे म्हणतात, त्यांच्यातला मी. मला ते मोकळेपण आवडलं. इथे आपल्या आधी कुणी नाही, म्हणजे कुणी भुतंही नाहीत, असं मी समजलो.

पहिल्या सामन्याच्या तोंडावर ठरलेला निवेदक आजारी पडला. क्लबची व्यवस्थापक ग्लेनिस ही साठीतली, करड्या आवाजाची, मनाने फार मऊ बाई. तिने मला मैक तपासताना ऐकलं होतं. आज तूच बोल, म्हणाली. मी खेळाडूंची नावं वाचायला घेतली. टोंगाची, सामोआची लांब लांब नावं, शेवटी ठसक्यात संपणारी. पहिलं नाव घेतलं आणि सवयीने थांबलो.

समोरचा स्टँड जवळजवळ रिकामा होता. त्याच्यामागे उघडी काँक्रीटची भिंत. तिकडून त्या नावाचं शेपूट परत आलं, आणि ते अप्पांच्या आवाजात आलं.

मी आवाजाच्या धंद्यातला माणूस. भिंतीपर्यंत जाऊन येताना वरचे स्वर विरतात, खालचे टिकतात, म्हणून परतलेला आवाज म्हाताऱ्याचा वाटतो. माझं वयही आता अप्पांच्या कथा करायच्या वयाच्या जवळ पोचलंय. हे सगळं मला कुणी शिकवायला नको. तरी माझ्या मानेवर काटा आला. दुसरं नाव घेतलं, थांबलो. पुन्हा तेच. थोडा घोगरा, शेवटच्या अक्षराला किंचित खाली दाबणारा. तेरा नावं मी घेतली आणि तेरा वेळा अप्पांनी माझ्यामागून म्हटली. त्या दिवशी आम्ही सडकून हरलो, आणि ग्लेनिस म्हणाली की निवेदक मात्र कायमचा मिळाला.

आईला फोनवर सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "काय सांगट्ले रे ते?" मी म्हणालो, काही नाही, खेळाडूंची नावं. त्यावर ती हळूच म्हणाली, "माझं नाहीं घेतले?" मग तिनेच समजूतदारपणे सांगितलं, की आवाज सापडलाच आहे तर बसच्या वेळी काय म्हणाले होते ते विचारून घे.

विचारलं नाही. रोज मैक तपासायचो, रिकाम्या स्टेडियममध्ये आकडे म्हणायचो आणि अप्पांकडून आकडे ऐकायचो. पण बसच्या पायरीवरचे ते दोन शब्द तोंडातून निघेनात. भिंत आहे, भिंतीला काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. विचारल्यावर ते काहीच बोलले नाहीत तर?

आणि मग ते बाकीचंही सुरू झालं. एका दुपारी मी केबल गुंडाळत असताना टक टक असे दोन आवाज आले, आणि मी हातातलं काम टाकून, हात धुऊन डबा उघडून बसलो. दोन घास खाल्ल्यावर ध्यानात आलं की झेंड्याच्या खांबावर दोरीची कडी आपटतेय. जेवण तसंच संपवलं. दुसरं काय करणार?

क्लब हरत होता. घरच्या मैदानावर हरला, बाहेर हरला, एकदा तर जिंकत आलेला सामना शेवटच्या मिनिटाला हातातून घालवला. ग्लेनिसचा चेहरा उतरत चालला. लोक आले नाहीत तर हा क्लब फार दिवस टिकणार नाही, हे ती उघड बोलायची. तिने नवऱ्याच्या आजारपणानंतर स्वतःचं सगळं या क्लबात ओतलं होतं, आणि सामन्याआधी ती समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहायची. मीही तिच्या शेजारी उभा राहून तिकडेच बघायचो. तिला वाटायचं, आम्ही दोघं एकच मागतोय. पण माणसं आली की आवाज शोषला जातो, हे मला ठाऊक होतं. कपडे, अंगं, केस सगळं आवाज पिऊन टाकतं. ती स्टँड भरावा म्हणून देवाला विनवत होती, आणि मी, तिच्याच पगारावर जगणारा, तो एवढ्यात भरू नये म्हणून.

लोक मात्र येऊ लागले. हरणाऱ्या संघावर गावाचा जीव जडतो, हे मी इथे पाहिलं. आधी बंदरावरचे कामगार आले, मग शाळा, मग टोंगाच्या बायका मोठ्या टोपल्या घेऊन, गात गात. दर सामन्याला अप्पांचा आवाज थोडा थोडा बारीक होत गेला. आधी नावातली अक्षरं गेली, मग नुसता घोगरेपणा उरला, मग कुणीतरी दूर खाकरल्यासारखं काहीतरी. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यांत तो असाच गेला होता. दुसऱ्यांदा तेच ऐकावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सामन्यानंतर घरी जाऊन रडलो, हे आईला सांगितलेलं नाही. आत्ता वाचताना कळेल तिला.

मोसमातला घरचा शेवटचा सामना. स्टँड गच्च. मी पहिलं नाव घेतलं, सवयीने थांबलो, आणि काहीही आलं नाही. नुसती माणसं ओरडली. दुसरं नाव, तेच. मी पुढची नावं न थांबता वाचून टाकली. त्या दिवशी आम्ही जिंकलो. घरच्या मैदानावर पहिल्यांदा. तगडे गडी गवतावर बसून लहान मुलांसारखे रडत होते, आणि ग्लेनिसने मला मिठी मारून सांगितलं की आज तुझा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. मी आनंदी होतो. तेही खरं आहे. एवढ्या गर्दीत आपल्या माणसाचा आवाज शोधत मी उभा होतो, तेही खरं.

क्लबला पुढच्या वर्षाची खात्री मिळाली आणि ग्लेनिसने लगेच समोरची भिंत मऊ कापडी पॅनेलने मढवायचं ठरवलं, म्हणजे रिकाम्या दिवशीही आवाज घुमणार नाही. काम अर्थात माझंच. काम सुरू करायच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा पॅनेलं भिंतीच्या पायथ्याशी रचून ठेवलेली होती. माणसं यायला वेळ होता. गवतावर शेवटच्या सामन्याचे कागद उडत होते, आणि खांबावरची दोरी त्या दिवशी गप्प होती.

मी वर जाऊन मैक सुरू केला. गळा साफ केला. ही शेवटचीच वेळ होती, म्हणून पाय घट्ट रोवून, बसच्या पायरीवर उभं राहिल्यासारखा उभा राहिलो आणि म्हणालो, "अप्पा, जाऊन येतों."

थांबलो. आतून सगळा 'जाऊन ये' ऐकायला आसुसलो होतो.

समोरून, त्यांच्या स्वच्छ, ऑपरेशनच्या आधीच्या आवाजात आलं, "येतों."

शेपूटच ते. भिंत शेपूटच परत करते. मी शास्त्र जाणणारा माणूस आहे. पण 'येतों' हा मागे राहणाऱ्याचा शब्द नाही, निघणाऱ्याचा आहे. इतके दिवस मी समजत होतो की घर सोडून मी निघालो आणि अप्पा बस स्टँडवर उभे राहिले. उभा तर मी होतो. ते केव्हाचे निघालेले, आणि त्यांचा पाय अडकला होता तो माझ्या एका शब्दासाठी. मी मैक बंद केला, कारण हे पुन्हा परत यायला नको होतं, आणि तोंडाने म्हणालो, "बरं अप्पा. जाऊन या."

मग खाली उतरून पहिलं पॅनेल उचललं.

आईला फोन केला तेव्हा तिकडे दारात सकाळचं कोलम, म्हणजे रांगोळी, घालून ती नुकतीच आत आली होती. सगळं ऐकून घेतलं तिने. घर कुठं म्हणून मला इथे कुणी विचारलं तर मी तंजावूर सांगतो, अजूनही. पण आता मला वाटतं, आपण ज्या जागी उभं राहून निघणाऱ्याला 'जाऊन ये' म्हणतो, ती जागा घर होते, मग ती काँक्रीटच्या भिंतीसमोर का असेना. आईला हे असं सांगता आलं नाही. तिने फक्त विचारलं, "थोरल्यांनीं सांगायचं ते तूंच सांगट्लास?"

हो म्हणालो.

"बरं केलास," आई म्हणाली. "बसच्या दिवसापासून दार उघडं ठेवट्लें होतें मी. आत्तां लावतें."