सोमनाथ, खिडकीतून ऊठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एरवी तिला मी सगळं सांगतो — म्हणजे ती काढून घेते. पण ह्यात काढून घेण्यासारखं काही असेल असं तिलाही कधी वाटलं नसावं. टाचणाची गोष्ट आहे हो. आम्ही जिल्हा परिषदेचे मास्तर लोक वर्गात काय शिकवणार, कसं शिकवणार, मुलांना काय विचारणार हे आधी वहीत लिहून ठेवतो, ते टाचण. त्यात कसलं आलंय पाप? मीही बरेच दिवस स्वतःला हेच विचारत होतो.

आधी एक सांगतो, मी आळशी नाही. — नको, सुरुवातच खोटी नको. आळशी आहे. पण माझा आळस लोकांच्या उपयोगी पडला. संगमनेर तालुक्यात आमचं केंद्र आहे, केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट. तिथे मोबाईलवर बोलून टाचण लिहायचं मी पहिल्यांदा सुरू केलं. मुलं गणितं सोडवत असायची, मी मोबाईल तोंडापुढे धरून बोलायचो, तो आपला भराभर टाइप करायचा. शनिवारी शाळा सुटायच्या आत पुढच्या आठवड्याचं टाचण केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर! ज्याला हवं त्यानं वहीत उतरवून घ्यावं. मग अंगठे, जोडलेले हात, गुलाबाची फुलं यांची रांग लागायची. सगळ्यांचा रविवार मोकळा करणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. मला ते फार आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

एकट्या शेटे मॅडम माझं टाचण घेत नसत. त्या वस्तीवरच्या छोट्या शाळेत होत्या. त्यांचं टाचण त्यांचं स्वतःचं — निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत प्रश्न. आणि प्रश्नही त्याच वस्तीवरचे. ‘कालव्याचं पाणी तुमच्या रानात आलं की घरात कोण कोण जागं असतं?’ असले. आमच्या शाळा तपासणारे विस्तार अधिकारी, म्हणजे साहेब, प्रत्येक बैठकीत त्यांची वही उंच धरायचे. ‘‘बघा, ह्याला टाचण म्हणतात.’’ आणि मग माझ्याकडे बघायचे — की मलाच तसं वाटायचं? मी मॅडमना दर वेळी म्हणायचो, अहो, कशाला जीव काढता, माझं घ्या की. काळजीनं म्हणत होतो असं तुम्हाला वाटेल. मॅडमनाही वाटायचं. खरं सांगू का, ती वही मला बघवत नव्हती.

आता सोमनाथ. हा माझ्या वर्गातला. कारखाना सुरू झाला की रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात आणि सोमनाथ अभ्यास सोडून खिडकीत चढून बसतो. मी ‘पाणी’ ह्या पाठाचं टाचण बोलत होतो, तेवढ्यात हा चढला. मी ओरडलो. मोबाईलनं इमानेइतबारे लिहून घेतलं: ‘विद्यार्थ्यांना घरातील पाण्याच्या वापराविषयी प्रश्न विचारणे सोमनाथ खिडकीतून ऊठ मुलांचे अनुभव ऐकणे.’ मी न वाचता पाठवलं. केंद्रातल्या बहुतेकांनी न वाचता उतरवलं. एका गुरुजींनी तर सोमनाथला स्वतंत्र क्रमांक दिला होता — कृती चौथी!

मला कळलं ते एका मित्राच्या फोनवरून. हसून हसून त्याला बोलता येईना. ‘‘आरं, तुझा सोमनाथ आमच्याबी खिडकीत येऊन बसलाय की!’’ मी तेव्हाच बसून चूक काढली, नवी फाईल केली. पण ग्रुपवर टाकली नाही. टाकली असती तर चुकलो असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि रविवार मोकळा करणारा माणूस चुकतो कसा?

दुसऱ्या दिवशी शेटे मॅडमचा फोन आला. जिल्ह्याच्या गावी, सावेडीतल्या एका दवाखान्यातून. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ‘‘सर, ग्रुपवरचं मला सापडत नाही, पाण्याचं टाचण ह्या खेपेला तुमचंच पाठवता का? इथं बाकावर बसून उतरवून घेते.’’ पहिल्यांदाच मागत होत्या. आवाजात इतका संकोच, की जणू मीठ-मिरची मागायला आल्यात. मी लगेच पाठवलं.

त्याच आठवड्यात साहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना नमुना वही दाखवायला म्हणून थेट मॅडमच्या वर्गावर गेले. मॅडम मूळच्या नीटनेटक्या. दमलेल्या असल्या तरी हातानं आपसूक व्याकरण सुधारलं होतं. ‘सोमनाथला खिडकीतून उठविणे.’ वर लाल शाईची रेघ. साहेबांनी पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, सोमनाथ कोण? ज्या बाईला साधं खोटं बोलता येत नाही ती बाई म्हणाली, ‘‘आज... आला नाही, साहेब.’’ साहेबांनी हजेरी मागितली. तेवढ्यात एक मुलगी मदतीला उभी राहिली. ‘‘बाई, सोमनाथ माझा मामा हाय. राहात्याला असतो. फोन लावू का?’’

हे मला मॅडमच्या शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी सांगितलं. आजही आठवलं की हसू येतं, आणि हसू येतं ह्याचीच लाज वाटते.

पुढच्या बैठकीत साहेबांनी वही उंच धरली नाही. कुणाचं उतरवलं, एवढंच विचारलं. मॅडम उठून म्हणाल्या, चूक माझी, मी न वाचता लिहिलं. माझं नाव घेतलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या वहीत सोमनाथ होता ते सगळे मूग गिळून बसले, आणि साहेबांची पाठ वळल्यावर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. तेव्हापासून त्या ‘सोमनाथ मॅडम’ झाल्या. चहाला आल्या की कुणीतरी विचारायचंच, मॅडम, उठला का खिडकीतून? तालुक्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव जाणार होतं, ते मागे पडलं.

आता तुम्ही विचाराल, नवी फाईल तयार असताना जुनी कशी गेली? घाईत होतो. — नव्हतो. चष्मा नव्हता. — होता, नाकावरच होता. मोबाईलवर दोन्ही फाईली एकाखाली एक होत्या, ‘पाणी’ आणि ‘पाणी नवीन’. माझा अंगठा ‘पाणी नवीन’वर आला, थांबला, आणि वर सरकला. मनात काय होतं? एकदा, फक्त एकदा त्या वहीत चूक सापडावी. बाई दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिणार हे माहीत असताना, ती वाचायला थांबणार नाही हे ओळखून, मी मुद्दाम जुनी फाईल पाठवली. मुद्दाम. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पुरस्कारासाठी नाव माझं गेलं. आणि मिळाला! ‘टाचण सोपं करणारे शिक्षक’ म्हणून. शाल, नारळ, टोपी, सगळं. सत्कार झाल्यावर कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, तर शेटे मॅडम आपण होऊन उठल्या. माईक हातात घेऊन त्या म्हणाल्या, माझ्याकडून चूक झाली तेव्हा सगळे मला हसले, एकटे सर हसले नाहीत.

खरंच नव्हतो हसलो. हसलो तर केलेलं तोंडावर दिसेल ह्या भीतीनं.

‘‘म्हणून मी माझं टाचण लिहायचं सोडलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता दर आठवड्याला सरांचंच घेते. डोळे झाकून.’’

टाळ्या झाल्या. मी खांद्यावरची शाल सारखी केली, त्यांना हात जोडले आणि खाली बसलो.