अर्धंच पोचलं

इथे आखातात, अल हिलालमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटात शुएफनबाई राहतात. चीनमधल्या शेन्यांग शहरातल्या. नवरा गेल्यावर मुलगा वेइमिंग त्यांना इथे घेऊन आला. तो गॅसच्या कंपनीत इंजिनिअर. बाईंना मराठी येत नाही, मला चिनी येत नाही आणि इंग्रजीच्या वाटेला दोघीही गेलो नाही. आमच्यात फोन बोलतो. त्या पुटपुटल्या की फोनातली बाई बातम्या दिल्यासारखं मराठीत सांगते. आमच्या गुडघ्यांची दुखणी तिला आता पाठ झाली असतील.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पितरांचा सण येतो. बाईंच्या लहानपणी सगळी भावकी टेकडीवर जायची. थडग्यांवरचं गवत काढायचं, फळं मांडायची, पिवळे कागद जाळायचे. कागद म्हणजे वर गेलेल्यांच्या खर्चाचे पैसे. मग तिथेच बसून गार जेवण. लग्न होऊन शहरात आल्या, टेकडी लांब पडली. मग चौकात खडूने गोल काढून त्यात जाळायचे. गावाच्या दिशेला गोलात फट ठेवायची, म्हणजे आपल्या माणसाचं दुसरं कोणी मधे उचलत नाही.

गेल्या वर्षी त्यांनी नवऱ्यासाठी बाल्कनीत पातेल्यात कागद पेटवले. धुराची घंटा वाजली, वॉचमन रहमान धापा टाकत वर आला आणि "अम्मा, खलास!" म्हणून बादली ओतून गेला. "अर्धंच पोचलं," असं बाई वर्षभर म्हणत होत्या. यंदा वेइमिंगने जाळायचं नाही म्हणून सांगून टाकलं. फोनवर वडिलांचा फोटो, खाली मेणबत्ती. बोट लावलं की पेटते.

शुक्रवारी आम्ही दोन्ही घरं वकऱ्याच्या किनाऱ्यावर गेलो. वेइमिंग रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. शेगडीवर कोंबडीचे तुकडे लावले होते. बाईंनी माझी बाही ओढली आणि पिशवीतल्या टॉवेलखालचे पिवळे कागद दाखवले.

माझी सून ईश्वरी हळूच म्हणाली, "आई, तुम्ही यात पडू नका हं."

"पडलेच आहे. ते तुकडे उतरव."

वेइमिंगने पाहिलं आणि मायलेकांची जुंपली. फोन चटईवर चालूच होता. त्यातली बाई दोघांचंही त्याच शांत आवाजात सांगत होती.

"आई, मी फोनवर केलं ना!"

"तुझ्या बापाला फोन कुठे यायचा? नंबर मी लावून द्यायचे."

"लोक बघतायत."

"बघू देत. मागच्या वर्षी त्यांना ओले कागद मिळाले. यंदा मी रिकाम्या हाताने जाणार नाही."

वेइमिंगने मान खाली घातली. भांडायलाही अंगात बळ लागतं. त्याने चिमट्याने उरलेले तुकडे ताटात काढले. बाईंनी शेगडीभोवती वाळूत बोटाने गोल काढला आणि मग थांबल्या. फट कुठे ठेवायची? शेन्यांग कुठल्या बाजूला, कुणालाच सांगता येईना. त्यांची नात यीरान कानातले इअरफोन न काढताच उठली, हात लांब करून समुद्राकडे दाखवलं आणि परत जाऊन बसली. तिला सण म्हणजे शाळेत चिकटवलेले लाल कंदील.

कागद भराभर पेटले. वाऱ्याने राख चटईवर, ताटात, माझ्या पदरावर. एक कागद बाईंनी गोलाबाहेर जाळला.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांना."

मग त्या विस्तवाशी बोलू लागल्या. मला कळलं नसतं, पण फोनातल्या बाईला कुठे काय बोलू नये हे कळत नाही. तिने आम्हा सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "मुलगा आला आहे. रात्रपाळी करून आला आहे, फार दमला आहे. त्याला रागावू नका."

वेइमिंगने फोन बंद केला. आईशेजारी उकिडवा बसला, काठी घेतली आणि न जळलेले कोपरे एकेक करून आत ढकलू लागला. शेवटचा जळेपर्यंत उठला नाही. कोंबडी कच्चीच राहिली. पोरांनी चिप्स खाल्ल्या.