मालतीच्या डब्यावरचं नाव

आमच्या सौंसरात टीव्ही आला तेव्हा त्यात माणसं कमी अन् मुंग्याच जास्त दिसत. नागपूरचं चित्र इथवर येता येता दमून जाई. माही सून मालती डिप्लोमा शिकलेली, बोरगावच्या कारखान्यात नोकरीला. तिनं आमच्याच गच्चीवर खटपट करून कारखान्यासाठी अँटेनाला जोडायचा, चित्र साफ करणारा बूस्टर बनवला. मुंग्या पळाल्या. बातम्या सांगणारीच्या कानातले डूलसुद्धा दिसू लागले.

मग सत्कार झाला. मालतीचा? काहीतरीच! कारखान्याचे मालक रघुनाथराव, त्यांच्या पोराचा, विजयचा. त्याचे कष्टही थोडेथोडके नव्हते. बूस्टरची पेटी हिरवी करा, हे त्यानंच सांगितलं होतं. शाल, नारळ, पेपरात फोटो, खाली ‘तरुण संशोधक’. मालती मंडपामागं अँटेनाचा बांबू धरून उभी. पाहुण्या साहेबांच्या भाषणात मंडपातल्या टीव्हीवरचं चित्र हलू नये ना!

कामगारांना स्टीलचे डबे वाटले. त्यावर नाव टाकलेलं: ‘चि. विजयच्या संशोधनानिमित्त सप्रेम भेट.’

मालतीनं डबा ओट्यावर आपटला. “आई, पेपरात नाव नाही आलं, नाही आलं. पण आता पोळ्या करतानाही हेच वाचू का मी?”

“नको वाचू. आण इकडं.”

डबा घेऊन मी भिवाजी भांडेवाल्याकडं गेली. म्हटलं, “याच्याखाली टाक, यंत्र बनवणारी सौ. मालती.”

“आजी, मालक रागवन ना!”

“डबा कोणाचा? आमचा. मंग तू मालकाले काहून इचारून राहिला?”

मशीन कुर्रकुर्र चाललं.

दिवाळीत त्यात चिवडा भरून शेजारी पाठवला. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. तिकडून शंकरपाळे आले, ते काढून अनारसे भरले, पुढच्या घरी पाठवले. असा डबा गावभर फिरला अन् शेवटी, मुद्दामच, मालकाच्या घरी गेला.

मालकीणबाई वच्छलाबाई स्वतःच परत घेऊन आल्या, संत्राबर्फी भरून. झाकणावर बोट ठेवून म्हणाल्या, “काय वं मालती, मंग आमच्या विजयनं काय केलं?”

“हिरवा रंग, काकू.”

वच्छलाबाईंनी बर्फीचा तुकडा आपल्याच तोंडात टाकला.

पुढच्या बूस्टरच्या वेळी पेपरात आलं, ‘तरुण संशोधक विजय व त्यांचे सहकारी.’ सहकारी कोण, ते गावानं फराळ खाता खाता डब्यावर वाचलेलंच होतं. म्हणून आता शाल विजयला मिळते, अन् चित्रात मुंग्या आल्या की लोक हिरवी पेटी घेऊन आमच्या दारात.

“झालं ना आई माझं नाव!” मालती म्हणते अन् पेटीचे स्क्रू काढायला पेचकस शोधते.