कोरच्या बसमधून उतरताना

पद्मजा काळे डच भाषा शिकली ती एका बस ड्रायव्हरकडून, आणि तीही त्याच्या बसमध्ये कधी न बसता.

चौदा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या व्हिसावर हार्लेमला आली तेव्हा लेक सानिका दीड वर्षाची होती. शिरीष सकाळी हूफडॉर्पच्या ऑफिसला जायचा, तिथं सगळा कारभार इंग्रजीत. पद्मजाच्या वाट्याला आले शेजारी, बाजार आणि नगरपालिकेची पत्रं. आधीच्या भाडेकरूनं ओट्यावर एक रेडिओ सोडून दिला होता. शनिवारी संध्याकाळी पोळ्या लाटताना तिनं तो लावला आणि गावच्या स्टेशनवर एक खर्जातला आवाज लागला. गावचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ 'राइगर्स', म्हणजे बगळे, त्यांच्या मॅचचं समालोचन चाललं होतं. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो माणूस तीच तीच वाक्यं इतक्यांदा म्हणायचा, की पाचव्या शनिवारी पोळी फुगली तेव्हा तीही ती म्हणायला लागली.

त्या आवाजाचं नाव कोर फिसर. विमानतळाकडे जाणारी बस त्यांनी तीस वर्षं चालवली आणि शनिवारी संघाचा आवाज झाले. त्यांच्याआधी हाइन नावाचे बेकरीवाले अकरा वर्षं हे काम करायचे. बास्केट पडली की पाव मळल्यासारखं टेबल बडवायचे. या कामावर कुणाचं घर चालत नव्हतं. घर चालवायचा धंदा वेगळाच असायचा, पण तो जिभेवर उतरायचा. कोरच्या समालोचनात सगळी बसच होती. खेळाडू रिंगकडे सुटला की 'पुढचा थांबा, बास्केट!' बचाव घट्ट झाला की 'दारं बंद!' कुणाला बाहेर बसवलं की 'हे प्रवासी इथं उतरतायत.'

आता पद्मजाला काय माहीत, की सगळे डच लोक असं बोलत नाहीत? डॉक्टरांकडे जाऊन तिनं सांगितलं, "मुलीचा खोकला शेवटच्या थांब्याला आलाय, पण उतरायचं नाव घेत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. भाषेच्या वर्गातल्या बाईंनी तर सरळ विचारलं, "तुम्ही भारतात बस चालवत होतात का?"

"हसू नकोस," ती शिरीषला म्हणाली. "निदान मला बोलता तरी येतं. तू अजून फोन नंबर उलटे लिहितोस."

ते मात्र खरं होतं. डच लोक चोवीसला 'चार आणि वीस' म्हणतात. इंग्रजीत मोजणाऱ्या शिरीषची तिथं दरवेळी गाडी अडायची. पद्मजा मराठीत मोजायची, तिचं चोवीस आधीपासूनच चाराचं होतं.

सानिकाच्या वर्गाला मॅचची फुकट तिकिटं मिळाली तेव्हा पद्मजा पहिल्यांदा हॉलवर गेली. कॉफीच्या रांगेत पुढे एक जाडजूड म्हातारा रेंगाळत होता. ती सहज म्हणाली, "जरा पुढे सरका मंडळी, आत जागा आहे." म्हातारा गर्रकन वळला. वाक्य त्यांचंच होतं.

"कुठल्या मार्गावर होतीस?" कोर म्हणाले, आणि इतके हसले की हातातली कॉफी सांडली.

पुढच्याच शनिवारपासून ती त्यांच्या शेजारी बसायला लागली. कुणाचे किती गुण, किती फाऊल, सगळं कागदावर टिपायचं आणि बोटानं दाखवायचं. सहा हंगाम तिनं हे केलं. सकाळी शाळेच्या ग्रंथालयात काम आणि शनिवारी तेवीस लोखंडी पायऱ्या चढून सज्ज्यातली ती खुर्ची. या हिवाळ्यात त्या पायऱ्यांनीच कोरना दगा दिला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांच्यासाठी सज्जा कायमचा बंद केला.

स्टेशन चालवणारी योलांडा म्हणाली, "दोघांना एकेक मॅच देते. या शनिवारी तू, पुढच्या शनिवारी आपल्याकडे शिकायला येतो तो पत्रकारितेचा विद्यार्थी. मग ठरवू, कोरची खुर्ची कुणाची."

चौदा वर्षांत पद्मजाला या गावात स्वतःसाठी काही हवंसं वाटलं, ते हेच. आणि भीती होती तीही एकच. कोरची वाक्यं पक्की होती, त्यांत चूक होत नसे. स्वतःचं वाक्य जुळवायला गेलं की जीभ अडखळायची. त्या मुलाची डच स्वच्छ, आईच्या दुधाबरोबर आलेली. तेव्हा तिनं ठरवलं, कोरच्या रुळावरून हलायचंच नाही.

"रुळावरून ट्राम जाते," शिरीष म्हणाला. "बस नाही."

"तू गप रे."

तिची स्वतःची अशी बोलायची एक तऱ्हा होती, पण ती एकाच माणसाला ठाऊक होती. सांगलीची थोरली बहीण नीरजा लग्नांना जायला कंटाळायची. मग पद्मजा एकटीच जाऊन यायची आणि रात्री अंथरुणावर तिला सगळं लग्न सांगायची. कोण रुसून पंगतीत उशिरा बसलं, कुठल्या काकूंनी जिलबी रुमालात बांधली, नवरदेवाचा फेटा कितीदा घसरला. नीरजा म्हणायची, "तुझं ऐकलं की जायची गरजच उरत नाही बघ."

शनिवारी बाहेर धो धो पाऊस. पाहुणा संघ द हेगचा. पद्मजानं पहिला अर्धा भाग अगदी बिनचूक काढला. थांबे आले, दारं लागली, प्रवासी उतरले. मध्यंतरात कानातल्या यंत्रातून योलांडा बोलली.

"छान. लोकांचे मेसेज आलेत. एक जण विचारतोय, कोरनं आवाज बारीक करायची गोळी घेतली का?"

पद्मजा हसली.

"हसू नको, पद्मजा. कोर हवे असतील तर माझ्याकडे त्यांची कपाटभर रेकॉर्डिंग आहेत."

तिचं हसू तिथंच विरलं. चारांतला तिसरा भाग सुरू झाला, तीन मिनिटं झाली आणि द हेगचा एक खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर सपशेल घसरला. रेफ्रींनी वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. छप्पर गळत होतं. खेळ थांबला.

"बस बंद पडली, मंडळी," पद्मजा म्हणाली. कोरही असंच म्हणायचे आणि गाणं लावायला सांगून कॉफीला जायचे. पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतंच.

"गाणं लावू?" योलांडानं विचारलं. "तू सांग फक्त."

हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. पद्मजानं खाली पाहिलं. राइगर्सचा सात फुटी खेळाडू गुडघ्यांवर बसून इवल्याशा टॉवेलानं फरशी पुसत होता. हे नीरजानं पाहायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

"नको," ती म्हणाली. आणि लग्न सांगायला लागली.

"तर ऐका. आपला सगळ्यात उंच माणूस सध्या सगळ्यात खाली आहे. तो एक थेंब पुसतो, मागं दुसरा पडतो, आणि तो दरवेळी वर असा बघतो जणू छपरानं मुद्दाम केलंय. कोच उभे आहेत. त्यांनी तोच हिरवा शर्ट घातलाय, जिंकल्याशिवाय धुवायचा नाही म्हणतात, आणि मंडळी, आपण पाच मॅच हरलोय. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, ती उगीच नाही. हॉलचे काका बादली घेऊन निघालेत..."

बादलीला तिनं चुकीचं लिंग लावलं. ते तिच्याच कानाला खटकलं, पण थांबायला वेळ कुणाला होता? तिसऱ्या रांगेतल्या निळ्या स्वेटरच्या आजींनी डबा उघडून दोन केळ्यांतलं एक सोलून द हेगच्या घसरलेल्या खेळाडूला दिलं होतं, आणि मागून आपलाच एक पाठीराखा ओरडत होता, "आजी, आधी आपल्या पोरांना!" आजींनी त्याच्याकडे न बघता डब्याचं झाकण लावलं.

अडतीस मिनिटं. काकांनी शिडी आणली, ती आखूड पडली; दुसरी आणली, ती दारातून आत येईना. दोन्ही संघांनी मिळून ती तिरकी करून आत घेतली. पद्मजानं शिडीच्या एकेका वळणाचं वर्णन केलं. तिला धाप लागली होती. शेवटी छपराला फडकं बसलं, खेळ सुरू झाला आणि राइगर्स चार गुणांनी हरले.

"शर्टाचं काही खरं नाही," ती शेवटी म्हणाली आणि माइक बंद केला. दारं, थांबे, प्रवासी, काहीच म्हणायचं राहून गेलं होतं.

पायऱ्या उतरताना सानिकाचा फोन आला. ती नेहमीसारखी डचमध्येच सुरू झाली. "आई, बादली चुकलीस. चार वेळा."

"माहितीये गं. बाकी?"

"बाकी बाबा सिंकपाशी उभे आहेत. भांडी घासायची विसरून ऐकत होते."

मग कोरचा फोन.

"मध्यंतरापर्यंत मी रेडिओ बंदच करणार होतो," ते म्हणाले. "गुडघा दुखतोय तो दुखतोय, वर मलाच मी ऐकू?"

"मग?"

"मग छप्पर गळलं. पद्मजा, आजींनी दुसरं केळं कुणाला दिलं? ते तू सांगितलंच नाहीस. मी केव्हापासून त्याचाच विचार करतोय."

"कुणालाच नाही. स्वतःच खाल्लं."

"वाटलंच मला," कोर म्हणाले, आणि त्यांचं ते कॉफी सांडणारं हसू फोनमधून आलं.

घरी पोचेपर्यंत पद्मजा चिंब झाली. केस पुसता पुसता तिनं फोन पाहिला. योलांडाचा मेसेज होता. 'पुढच्या शनिवारी तो मुलगा बोलणार, मी त्याला शब्द दिलाय. तू त्याच्या शेजारी बसून टिपणं काढशील?'

तिचा चेहरा पडला. शिरीषनं तो पाहिला आणि चहा टाकला.

आधण आलं तेवढ्यात दुसरा मेसेज वाजला. 'फक्त पुढचाच शनिवार. त्यानंतर खुर्ची तुझी. छप्पर दुरुस्त होईपर्यंत छत्री आण.'

पद्मजानं तो दोनदा वाचला. मग चहा तसाच ठेवून तिनं सांगलीला फोन लावला. तिथं मध्यरात्र उलटून गेली होती, पण नीरजानं उचलला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," पद्मजा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "एक लग्न झालं. ऐक."