सा न लावता

"मास्तर, ताई गेल्या रे," फोनवर काशीकाकू म्हणाल्या. मी महाडच्या स्टँडवर नुकताच एसटीतून उतरलो होतो. "गेल्या? मुंबईला? अहो, आज माझा क्लास आहे!" वसुधाताई अधूनमधून वीर स्टेशनवरून गाडी पकडून मुंबईला जायच्या, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. ताईंच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना मग नीट सांगावं लागलं... चहा ठेवला, खुर्चीत टेकल्या आणि तिथेच. आदल्या संध्याकाळी याच ताईंनी मला फोनवर झापलं होतं, उद्या एसटीची सबब सांगू नका म्हणून. आता काही आठवडे उलटले, तरी मला हे पटत नाही. खरं सांगायचं तर रागच येतो.

ताई मूळच्या महाडच्या. आयुष्यभर मुंबईत पियानो शिकवला आणि म्हातारपणी ते अवजड धूड टेम्पोत घालून गावी परतल्या. मी पोलादपूरकडचा शाळामास्तर, गावच्या भजनात पेटी वाजवणारा. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा आतले आवाज ऐकून वाटलं, कोणीतरी पियानो दुरुस्त करतंय. काम होईपर्यंत थांबावं म्हणून ओट्यावर बसून राहिलो. शेवटी त्यांनीच दार उघडलं. "दुरुस्ती नाही हो, संगीतच आहे. या आत."

त्या संगीतात 'सा' नव्हता. बाराही स्वर सारख्याच मानाचे, घर समजून परतावं असा त्यात एकही नाही. माझा डावा हात पेटीचा भाता शोधायचा आणि कान सा शोधायचे. "ताई, कशाचा तरी आधार नको का?" मी एकदा काकुळतीला येऊन विचारलं. त्या हसल्या. "पाणवठा सगळ्या स्वरांना एकच. मास्तर, महाडात येऊन हे मी तुम्हाला शिकवायचं होय?"

त्यांनी मला पानभराची एक रचना दिली होती. तिचा शेवटचा स्वर अधांतरीच सुटतो. तिथे आलो की माझं बोट आपसूक घसरून सा लावायचंच. जित्याची खोड! ताई कपाळाला हात लावायच्या. "आलात घरी? धुवा आता पाय!" एकदा, फक्त एकदा मला ती जशी आहे तशी संपवून त्यांना ऐकवायची होती. त्या दिवशी सकाळी घरच्या कीबोर्डवर ते जमलं. तेच ऐकवायला मी निघालो होतो... आणि त्या एक दिवससुद्धा थांबल्या नाहीत.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर त्यांचे भाऊ म्हणाले, "मास्तर, तिच्यासाठी काहीतरी वाजवा." मी तीच रचना वाजवली. शेवटाला आलो आणि बोट पुन्हा साकडे वळलं. त्या खोलीत त्या दिवशी प्रत्येकाला एक सा हवा होता, मला तर सगळ्यांहून जास्त. मी हात उचलून घेतला.

काशीकाकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "संपलं? असं मधीच कसं रे? आजून हाय ना?"

"नाय काकू," मी म्हणालो, "एवढंच हाय."

तारांमध्ये तो स्वर अजून घुमत होता. पायाखालचं पेडल सोडलं की तो मिटणार होता. मी पाय उचलला नाही.