बिनपगारी मेंबर

सभा ऐन रंगात आलेली असायची. कुणी जकातीवर तावातावाने बोलत असायचा, अध्यक्ष वकीलसाहेब चष्मा पुसत असायचे, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "भरती लागली." सगळे हसायचे. तिथे बसलेले तांडेल मात्र हसत नसत. त्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. दिसायचे ते एक चिंचेचे झाड आणि कचऱ्याची बैलगाडी. पण बंदरात आपली होडी आता तरंगू लागली असणार आणि ती न्यायला आपण तिथे नाही, हे त्यांना खुर्चीत बसल्याबसल्या कळायचे. मग ते पंच्याच्या टोकाने मान पुसत आणि पुन्हा जकातीकडे लक्ष देण्याचा प्रयत्न करत.

मी त्या नगरपालिकेत कारकून होतो. सभेचे इतिवृत्त लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कोण काय बोलला ते लिहायचे, आणि जे बोलायला नको होते ते गाळायचे. स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. त्या निवडणुकीत किल्ल्यापलीकडच्या बंदरावरून पहिल्यांदाच एक कोळी निवडून आला. होडीचा म्होरक्या तो तांडेल, म्हणून त्यांना सगळे तांडेलच म्हणत. किरिस्तांव होते. निवडून आल्यावर गळ्यात पडलेला झेंडूचा हार त्यांनी मिरवला नाही, वस्तीतल्या क्रुसाला नेऊन घातला.

सभासदाला पगार नव्हता. मानाचे पद, मानावर भागवायचे. सभेला चहा आणि बशीत सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, शाळेच्या संमेलनाला पहिल्या रांगेत खुर्ची, आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या फळीवर पांढऱ्या रंगात नाव, एवढीच काय ती मिळकत. बाकीच्या सभासदांना ती पुरत होती, कारण त्यांचे पोट तिच्यावर नव्हतेच. कुणाची नंदाखाल गावात केळीची वाडी होती, कुणाची भातगिरणी, कुणाची भाड्याची घरे. ते सुकेळ्यांना हातही लावत नसत. तांडेल आपली सुकेळी रुमालात बांधून घरी नेत. त्यांना त्याची लाज वाटत नसे, आणि मला ते पाहून बरे वाटे.

त्यांची बायको कात्रीनबाय बाजारात मासळी विकायची. बाजाराची पट्टी भरायला कार्यालयात आली की माझ्या टेबलापाशी उभी राहून मोठ्याने विचारायची, "काय भाऊ, आमच्या मेंबराचा पगार आला का?" सगळे कारकून माना वर करून हसत. मी म्हणायचो, "अजून नाही आला, कात्रीनबाय." "मग कवा येल? म्हातारी झाल्यावर?" असे म्हणून ती रिकामी पाटी काखेत मारून निघून जाई. पहिल्यांदा मला वाटले, बाई खरेच अडाणी आहे. तिला सगळे ठाऊक होते हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मान असला तरी काम मात्र घरगड्याचे होते. कुणाच्या घरामागचा संडास साफ झाला नाही, कुठे कुत्रे मरून पडले, कुठल्या खांबावरचा कंदील लागत नाही, देवीची लस टोचणारा वस्तीत आलाच नाही, सगळे सभासदाच्या दारात. बाकीचे सभासद म्हणत, "अर्ज द्या." तांडेल म्हणत, "चल, बघू." आणि खरेच निघत. होडीवरून उतरले की किनाऱ्यावर माणसे वाट पाहत असायची. ओल्या कपड्यांनीच ते तडक कार्यालयात यायचे. आमचे हेडक्लार्क नाकाला रुमाल लावत. तांडेल दारातूनच सांगत, "भाऊ, तिकडं कंदील चार दिस झाले बंद हाय. मी आत येत नाय. तुमाला वास येल."

होडी काही त्यांच्या एकट्याची नव्हती. भावाची भागी होती, आणि खलाश्यांचे वाटे होते. तांडेल सभेला बसले की एक तर भाऊ होडी काढायचा, नाही तर होडी उभी राहायची आणि तिच्याबरोबर सगळ्यांच्या चुली. शेवटी त्यांनी एका सभेत तोंड उघडले. ज्या मेंबराचा त्या दिवशीचा धंदा बुडतो त्याला त्या दिवसाचा भत्ता द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. सगळ्यांनी वळून असे पाहिले, जणू कुणी शिवी दिली.

वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तांडेल, ही लोकसेवा आहे, नोकरी नव्हे. यासाठी लोक तुरुंगात गेलेत."

"गेले साहेब, मना म्हाईत हाय. पन तुमची शेती तुमी झोपलात तरी पिकते. माझी व्हडी मी बसलो का बसते."

त्या सूचनेला अनुमोदन द्यायला एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झाले, कोळ्याला मेंबरकीचा पगार पाहिजे. चहाच्या दुकानात, जकात नाक्यावर, देवळाच्या पायरीवर तोच विषय. हसणाऱ्यांत असे लोक होते ज्यांनी आयुष्यात स्वतःचा पाण्याचा तांब्या उचलला नव्हता. मला तेव्हा संताप आला होता. आता या वयात संतापाचे त्राण नाही, पण ते हसणे आठवले की तोंड कडू होते.

पुढच्या सभेत तांडेलांनी दुसरी वाट काढली. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असते, पाण्याला ओढ असते, तेव्हाच जाळी भरतात. मधल्या अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावते. त्याला कोळी भांग म्हणतात. भांगाला होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसे जाळी दुरुस्त करत बसतात. तांडेल उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पगार ऱ्हाऊ द्या. सभा तरी भांगाला लावा."

यात नगरपालिकेचा पैसा जात नव्हता, त्यामुळे सगळे एकदम उदार झाले. वकीलसाहेबांनी मला ठराव सांगितला, "यापुढे सभा दर महिन्याच्या आठ तारखेला भरेल." त्या महिन्यात आठ तारखेला अष्टमी होती. मी टाक खाली ठेवला आणि म्हणालो, "साहेब, तिथी आणि तारीख जोडीने चालत नाहीत. तिथी सरकत जाते."

"नगरपालिका पंचांगावर चालत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "लिहा."

मी तांडेलांकडे पाहिले. ते पंच्याने मान पुसत होते. सभा सुटल्यावर जिन्यात मला म्हणाले, "कलतं मना, भाऊ. पन यंदाचा हंगाम निभेल. पुढचं पुढं." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते.

तो हंगाम निभला. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या तेव्हा आठ तारीख सरकत सरकत उधाणावर येऊन बसली होती. तांडेल एका सभेला आले नाहीत, मग दुसरीला, मग तिसरीला. लागोपाठ चार महिने गैरहजर राहिले की जागा रिकामी होते, असा नियम होता, आणि आणखी एक सभा चुकली तर तो लागू होणार होता. मी त्यांना म्हटले, रजेचा अर्ज द्या. ते म्हणाले, "रजा घेतली तर हिरीचं कोन बोलंल?"

विहीर हे त्यांचे निवडणुकीतले एकमेव वचन. बंदरावर गोडे पाणी नव्हते. बायका डोक्यावर हंडे घेऊन किल्ला ओलांडून जुन्या विहिरीवर जात, आणि उन्हाळ्यात तिथेही भांडणे होत. वस्तीजवळ एक बांधीव विहीर, इतकीच मागणी. पण मागणी करणारा सभासद हजर नाही म्हणून विषय दर सभेत पुढे ढकलला जायचा. आता शिल्लक पैशात एकच काम होणार होते, बंदरावरची विहीर किंवा बाजाररस्त्यावरचे दिव्याचे नवे खांब. दोन्ही बाजूंची माणसे मी मोजली होती. तांडेल आले नाहीत तर खांब.

सभेच्या आदल्या दिवशी मी स्वतः बंदरावर गेलो. कात्रीनबाय परातीत मासळीला मीठ चोळत होती. तांडेलांचा भाऊ पावसाळ्यापासून हिवतापाने आत पडून होता. म्हणजे होडी न्यायला तांडेलांवाचून कुणी नव्हते, आणि गेल्या उधाणाला भावाला दवाखान्यात नेण्यापायी ती उभी राहिल्यामुळे खलाशी आधीच कुरकुरत होते. पुन्हा उभी राहिली तर ते दुसऱ्या होडीवर जाणार, हे उघड होते. मी मतांचे गणित सांगितले. तांडेल जाळ्याची गाठ मारत होते ती मारतच राहिले.

बोलली ती कात्रीनबाय. "जावा तुमी सभेला."

"आनि व्हडी?"

"व्हडी तुमची हाय. हंडा माझ्या डोक्यावर हाय. जावा."

तांडेल आले. धुतलेला सदरा घालून आले. त्या दिवशी ते खिडकीशी बसूनही "भरती लागली" म्हणाले नाहीत, आणि मला सारखे वाटत राहिले की आता म्हणतील. हात वर झाले. विहीर एका मताच्या फरकाने मंजूर झाली. मी आकडे लिहीत होतो तोवर ते उठून वकीलसाहेबांपाशी गेले.

"साहेब, माझं नाव काढा."

"आता कशाला? जागा वाचली की तुमची."

"जागा वाचली. व्हडी नाय वाचायची."

राजीनाम्याचे कारण मी लिहिले, वैयक्तिक अडचण. दुसरे काय लिहिणार? नोकरी मलाही करायची होती. तांडेलांनी खाली सावकाश सही केली आणि बशीतली सुकेळी रुमालात बांधून ते जिना उतरले.

खलाशी गेले ते गेलेच. पुढच्या साली होडी अर्नाळ्याच्या कुणीतरी घेतली आणि दोघे भाऊ दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. फळीवरच्या त्यांच्या नावावर दुसरे नाव रंगवले गेले. लोक त्यांना तांडेल म्हणत राहिले, पण आता ते कुठल्याच होडीचे तांडेल नव्हते. विहीर मात्र झाली. पाणी गोडे लागले.

दोन निवडणुकांनंतर सभासदांना बैठकीचा भत्ता सुरू झाला. सूचना कुणी मांडली, अनुमोदन कुणी दिले, तेही आठवत नाही, इतक्या झटकन ती एकमताने मंजूर झाली. लोकसेवेचे नावसुद्धा कुणी काढले नाही. मी बंदरावर जाऊन तांडेलांना सांगितले. वाटले होते, चिडतील, निदान हसतील तरी.

ते म्हणाले, "बरं झालं. आता एखादा खलाशी मेंबर होईल."

मी निवृत्त होईपर्यंत एकही खलाशी मेंबर झाला नाही. भत्ता घेणारे वाडीवाले आणि गिरणीवालेच होते. हे त्यांना सांगायला मी पुन्हा गेलो नाही.

गेलो तो ते गेल्यावर. छातीत पाणी झाल्याचे निमित्त झाले. मातीला मला पोचता आले नाही, म्हणून दोन दिवसांनी घरी गेलो. कात्रीनबाय काळ्या लुगड्यात ओट्यावर बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी लिहून घेतलेला माणूस मी, माझ्याकडे स्वतःचे एक वाक्य नव्हते. भर उन्हात चालत गेल्यामुळे घसा कोरडा पडला होता, तो मी नुसता खाकरला.

ती उठली. समोरच्या विहिरीवर गेली, पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या मेंबराचा पगार."