दादाचं शिळं पाणी

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी बार्शीत पाचवीच्या वर्गाला भागाकार शिकवत होतो. परंड्याहून आलेला कोर्टाचा शिपाई वर्गाच्या दाराशी उभा राहिला, त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला, आणि मला कळलं. आठवडाभर आधीच मी दादाला भेटून आलो होतो. ताप होता, दम लागत होता, पण शुद्ध होती. निघताना त्यानं मला अंथरुणापाशी बोलावलं. मला वाटलं, आईविषयी काही सांगेल, घराविषयी सांगेल... तर म्हणाला, "डोणीतलं पाणी बघून जा रे. उतरलं असंल तर बादलीतलं घाल. कालचं भरून ठेवलंय ते." मला रागच आला. माणूस तापानं फणफणलाय आणि याला काळजी परसातल्या डोणीतल्या एका माशाची. "तू आधी नीट हो," मी म्हणालो. तरी पाणी घातलं आणि मगच मोटार गाठली. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. आता दीड महिना उलटून गेला आहे. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख हलकं होतं. माझं तसं काही झालेलं नाही, आणि होईल असंही वाटत नाही.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं त्यानंच. परंड्याच्या मुन्सिफ कोर्टात तो पेशकार होता, म्हणजे साहेबांसमोर कागद वाचून दाखवायचे, तारखा लावायच्या, पक्षकारांना पुकारायचं. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. दादाचं उर्दू असं होतं की हैदराबादेहून नवे आलेले वकील त्याला त्याचं गाव विचारायचे आणि परंडा म्हटल्यावर पुन्हा विचारायचे. मी शिकायला सरहद्दीपलीकडे बार्शीला गेलो, तिथंच मास्तर झालो, आणि सुट्टीत घरी आलो की त्याच्या काळ्या टोपीवरून आणि 'तशरीफ ठेवा'वरून त्याला छळायचो. तो हसायचा. वहिनी पहिल्या बाळंतपणातच गेली, मूलही गेलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. घरात तो आणि आई, दोघंच.

आईचं सांगायला हवं, कारण तिच्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. आईचा एक नेम होता, रात्रीचं पाणी सकाळी घरात ठेवायचं नाही. पहाटे उठून ती सगळे हंडे-कळशा रिकाम्या करायची, चिंचेनं घासायची आणि विहिरीचं ताजं पाणी भरायची. ऐन उन्हाळ्यात, विहिरीचा तळ दिसत असतानासुद्धा. शेजारच्या बायका नावं ठेवायच्या, पण शिळं पाणी देवाला चालत नाही आणि माणसालाही चालू नये, यावर आई ठाम होती. हे ओतलेलं पाणी परसातल्या दगडी डोणीत जायचं. एके काळी घरी गाय होती, तिला पाणी पाजायची ती डोणी. गाय गेल्यावर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आतून शेवाळलेली, कडेला गवत आलेलं. आई तिच्यात पाणी ओतायची आणि पाठ फिरवायची.

शेवटचे जे मुन्सिफ साहेब आले ते हैदराबादचे. त्यांची मुलगी शहनाज, सात-आठ वर्षांची. तिच्यासाठी साहेबांनी हैदराबादेहून लाल-सोनेरी मासे आणले होते आणि बंगल्याच्या अंगणातल्या हौदात सोडले होते. परंड्यात अशी चीज कुणी बघितली नव्हती. दादा सह्यांसाठी कागद घेऊन बंगल्यावर जायचा तेव्हा ही पोरगी त्याला हात धरून हौदाकडे न्यायची आणि एकेका माशाची ओळख करून द्यायची. प्रत्येकाला नाव होतं. दादाला ती नावं काही लक्षात राहायची नाहीत, सगळे मासे त्याला सारखेच दिसायचे, आणि मग ती रुसायची. रात्री जेवताना तो आईला हे सांगायचा. आई म्हणायची, "तुझीबी एवढीच असती आता."

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षाबद्दल मी इथं फार लिहिणार नाही. रझाकारांची दहशत होती, आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून बार्शीला आली होती. मी आई-दादाला घेऊन जायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा रिकामा परतलो. दादाचं म्हणणं, कोर्ट चालू आहे तोवर पेशकार जागेवर पाहिजे. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि भीतीनं बाजू बदलली. आता साहेबांच्या घरात सामान बांधलं जात होतं. साहेबांनी दादाला बोलावून हौदातले मासे त्याच्या हवाली केले. म्हणाले, "पेशकार साहब, बच्ची की अमानत है. हम आकर ले जाएंगे." साहेब मोटारीकडे वळल्यावर शहनाज मागं राहिली. ती रडत नव्हती. दादाला म्हणाली, "चचा, पूरा पानी नक्को बदलो. आधा रहने दो. उनको उनका पानी होना." सगळं पाणी बदलू नका, त्यांना त्यांचंच पाणी लागतं, म्हणत होती. दादानं मान हलवली. मुलीचं बोलणं म्हणून हलवली.

मासे घरी आल्यावर आईनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. देवाच्या अभिषेकाचं तांब्याचं मोठं घंगाळ, ज्याला ती मलासुद्धा हात लावू द्यायची नाही, ते तिनं स्वतः काढून दिलं. "परक्याची ठेव हाय. लेकराची हाय. चांगल्या भांड्यात ठेव," म्हणाली. मुसलमान साहेबाच्या घरचे मासे देवाच्या घंगाळात, आणि तेही त्या दिवसांत! आणि रोज पहाटे मायलेकरं मिळून मासे तांब्यात काढायची, घंगाळ चिंचेनं लख्ख घासायची, ताजं गार पाणी काठोकाठ भरायची. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले तेव्हा आईला वाटलं भुकेले आहेत, तिनं चुरमुरे टाकले. पाणी गढूळ झालं म्हणून दिवसातून दोनदा बदललं. जितके मासे मलूल तितकी सेवा जास्त. चिंचेनं घासलेलं तांबं माशाला विष असतं, एकदम बदललेलं पाणी त्याला सोसत नाही, हे त्या दोघांना कोण सांगणार? सांगणारी होती एकच, आणि ती मोटारीत बसून निघून गेली होती. एकेक करून मासे उलटे झाले. दादानं ते परसातल्या लिंबाखाली पुरले.

शेवटचा मासा कुशीवर तरंगायला लागला तेव्हा दादात तो पुरायचीही ताकद उरली नव्हती. त्यानं घंगाळ उचललं आणि माशासकट पाणी डोणीत ओतून दिलं. दुपारी हात धुवायला परसात गेला तर डोणीच्या हिरव्या पाण्यात काहीतरी लाल हललं. आईनं टाकून दिलेलं शिळं पाणी, कुणी न घासलेला दगड, त्यात तो मासा कल्ले हलवत सरळ उभा होता. दादा तिथंच खाली बसला. त्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा डोणीपाशीच त्यानं मला हे सगळं सांगितलं.

"पोरीनं सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "साफ शब्दांत सांगितलं व्हतं. आम्ही धुऊन धुऊन मारले ते मासे."

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. उन्हानं गेले म्हणून सांगितलंय. आणि तूही सांगायचं न्हाई. तिनं देवाचं घंगाळ दिलं रे... तिला हे कळलं तर ती पुन्हा देवापुढं बसणार न्हाई."

मी शब्द दिला. त्या वेळी मला तो शब्द योग्यच वाटला, आजही दुसरं काय करायला हवं होतं ते मला सुचत नाही. आईला दादानं एवढंच सांगितलं, की डोणीचं पाणी औषधाचं आहे, हात लावायचा नाही. आईनं लावला नाही. तिचं पहाटेचं ओतायचं पाणीही ती तेव्हापासून लिंबाला घालू लागली.

त्यानंतरचा दादा म्हणजे ती डोणीच. संध्याकाळी विहिरीची एक बादली काढून उघड्यावर ठेवायची, दुसऱ्या दिवशी ऊन खाल्ल्यावर त्यातलं थोडं डोणीत घालायचं. पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन, तोंडानं ओढून, तळाची घाण तेवढी काढून टाकायची. दगडावरच्या शेवाळाला नखसुद्धा लावायचं नाही. भाताचं एक शीत, फार तर दोन. उन्हाळ्यात वर गोणपाट, पावसाळ्यात पत्रा, म्हणजे पन्हळीचं पाणी आत येऊ नये. गावात तापाची साथ आली आणि विहिरीत पांढरी पूड टाकली गेली, तेव्हा बादल्या भरून तो त्यांचा वास घेत बसायचा आणि वास जाईपर्यंत थेंब घालायचा नाही. मी एकदा म्हणालो, "अरे, एवढी काळजी तू कधी स्वतःची घेतली असतीस..." त्यानं ऐकलंच नाही. पाण्यात बघत म्हणाला, "ह्याचं नाव काय आसंल? माझ्या कधी ध्यानातच राहिली न्हाईत नावं. ती आली की सांगंल."

ती काही आली नाही. हैदराबादकडून येणाऱ्या प्रत्येकाला दादा साहेबांचं नाव घेऊन विचारायचा. कुणी म्हणायचं ते लोक कराचीला गेले, कुणी म्हणायचं वाटेतच काही झालं, कुणी नुसतं खांदे उडवायचं. इकडे कोर्टात उर्दूचा बाड-बिस्तरा आवरला गेला. नवे साहेब आले, नवी भाषा आली, आणि ज्याच्या तोंडचं वाचन ऐकायला वकील थांबायचे तो माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या कागदांचे गठ्ठे मोजत बसला. गावात काहीजण त्याला 'साहेबाच्या माशाचा पेशकार' म्हणू लागले. त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो वाळत चालला होता, मला ते दिसत होतं, आणि मी बार्शीला परत जात होतो, कारण नोकरी तिथं होती. पुढच्या थंडीत ताप आला तो त्याला घेऊनच गेला.

दहाव्याला आम्ही पुरुष नदीवर गेलो. सुतक फिटायच्या दिवशी घर धुवायचं, साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासून नवं पाणी भरायचं, ही आपली रीतच आहे. दुपार व्हायच्या सुमारास आम्ही परतलो. परसात गेलो तर डोणी पांढरी दिसली. इतकी पांढरी मी ती कधीच पाहिली नव्हती. विटकरीनं आणि काथ्यानं घासून, कडेचं गवत उपटून, काठोकाठ ताजं पाणी भरलेलं. त्या पाण्याला विहिरीतल्या पुडीचा वास येत होता. आई शेजारी बसलेली, लुगडं ओलंचिंब, हाताची बोटं सोललेली. बायकांनी पुढं होऊ म्हटलं तर तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. "त्याची ठेव हाय," ती मला म्हणाली. "आता तो न्हाई तर मीच बघायला पाहिजे. लई घाण झालं व्हतं रे पाणी."

मासा पाण्याच्या वर तोंड काढत होता. मी धावलो, पण कुठं धावणार? शिळं पाणी घरात कुठंच नव्हतं. दादाच्या बादलीतलंसुद्धा ओतलं होतं. शेजारी विचारलं, त्यांच्याकडेही साथीमुळे रोजच्या रोज तेच पाणी. तांब्या घेऊन मी, आई पाणी ओतायची त्या लिंबाच्या आळ्यातला चिखल उपसत बसलो, माझं मलाच वेड्यासारखं वाटत होतं. दिवे लागायच्या आत मासा कुशीवर झाला, आणि मग हललाच नाही.

आई बघत होती.  मग म्हणाली, "ताजं पाणी व्हतं की रे."

मी तांब्या खाली ठेवला.

"उन्ह तर न्हाई आज." ती डोणीच्या कडेवरून हात फिरवत होती, त्या गुळगुळीत केलेल्या दगडावरून. "तो हे कधी घाशीत नव्हता... सगळं पाणी कधी काढीत नव्हता." आणि मग हात थांबला. "म्हंजी घंगाळातले बी..."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. दादानं म्हटलं असतं. माझी जीभ उचलली नाही.

"त्याला ठाऊक व्हतं?"

"व्हय, आई."

त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. रडलीही नाही. दादाच्या मरणाला ती रडली होती, बायकांनी धरून ठेवावं लागलं होतं इतकी रडली होती. यावर ती रडली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. शहनाज जिवंत असेल तर आता कुठंतरी मोठी होत असेल, आणि एखाद्या दिवशी ती आमच्या दाराशी आली तर तिला काय सांगायचं हे मला ठाऊक नाही. दादा असता तर त्यालाही ठाऊक नसतं.

शाळेतून रजा काढून मी सध्या परंड्यातच आहे. देवघराचं दार लोटलेलं असतं. आई पाण्याला हात लावत नाही. पहाटे उठते, हंड्यांसमोर बसते, आणि बसूनच राहते. मग मी उठतो, पाणी भरतो. तहान लागली तरी ती मागत नाही. मी तांब्या समोर नेऊन ठेवला की आधी त्यात बघते आणि विचारते, "तूच भरलंस न्हवं?"

मी हो म्हणतो. मग पिते.